अहवाल आधी, बँकॉक नंतर

परदेशी जाऊ नये असं माझं म्हणणं नाही. ज्यांना जायचंय त्यांनी खुशाल जावं. माझं म्हणणं एवढंच आहे, की दौऱ्याचा अहवाल दौरा करून आल्यावर लिहावा. ही गोष्ट शाळेतल्या पोरालाही कळते. मला ती बावन्नाव्या वर्षी, नांदेडच्या एका सरकारी कचेरीतल्या लाकडी बाकावर बसून कळली. त्या कचेरीचं नाव मी घेणार नाही, कारण पुढंमागं मला तिथंच पेन्शनचे कागद न्यायचे आहेत.

मी उदगीरच्या एका कॉलेजात अन्नप्रक्रिया शिकवतो. सोयाबीनपासून दूध होतं, पनीर होतं, आणखी काहीबाही होतं, हे मी बावीस वर्षं फळ्यावर लिहीत आलोय. आमच्या भागात सोयाबीन पोत्यांनी पिकतं, ते अडतीवर जातं, तिथून तेलाच्या गिरणीत जातं आणि आमचा त्याच्याशी संबंध संपतो. त्याचं दूध मी स्वतः कधी प्यालो नव्हतो. कुणी विद्यार्थ्यानं चव विचारली तर 'पुढच्या तासाला' म्हणायचो.

साल २०१६. आमच्या गल्लीत नळ वीस-वीस दिवसांनी येत होता. लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. बायकोला माहेरी सोडताना लोक सोबत दोन कॅन पाणी देत होते. अशा वर्षी आमचे प्राचार्य कसल्याशा कार्यशाळेहून परतले आणि म्हणाले, "आपली मुलं परदेशात गेली पाहिजेत." कॉलेज तपासायला समिती येणार होती. तिच्या फॉर्मात 'आंतरराष्ट्रीय शैक्षणिक भेटी' असा एक रकाना होता आणि तिथं आम्ही दरवेळी 'निरंक' लिहायचो. त्या निरंकचा प्राचार्यांना कंटाळा आला होता. सोयाबीनच्या दुधाचा मोठा कारखाना बँकॉकजवळ आहे, हैदराबादहून सरळ विमान आहे आणि तुम्ही कुणाशी वाद घालत नाही, अशी तीन कारणं देऊन त्यांनी मला निवडलं. मी वाद घातला नाही.

बँकॉकचं नाव गल्लीत फुटलं त्या दिवसापासून माझी इज्जत उतरणीला लागली. शेजारच्या सरजाबाईंनी माझ्या बायकोला, शिवकांताला, अंगणातूनच विचारलं, "सर फॅक्टरी बगाय चाललेत म्हने बँकॉकला?" शिवकांता हो म्हणाली. त्यावर सरजाबाई नुसत्या "हाव का! असंल, असंल" एवढंच म्हणाल्या. न्हाव्यानं केस कापता कापता आरशातून माझ्याकडं बघून डोळा घातला. अठरा वर्षं मी या माणसापुढं मान खाली घालत आलोय. शेवटी शिवकांतानंच उपाय काढला, की आपण 'थायलंड' म्हणायचं. त्यावर चार दिवस बरे गेले. मग कुणाच्या तरी पोरानं नकाशा पाहिला.

पासपोर्टचं प्रकरण वेगळंच. समोर राहणारे हणमंतराव हे निवृत्त नायब तहसीलदार. उदगीर जिल्हा झालाच पाहिजे, या मागणीचे आमच्या गल्लीतले ते सर्वेसर्वा. घराच्या पाटीवर त्यांनी 'जिल्हा उदगीर (नियोजित)' असं रंगवून घेतलंय. त्यांचा मुलगा बसवंत माझ्या वर्गात. पासपोर्टच्या चौकशीला पोलीस घरी आला तेव्हा हणमंतरावांनी कागदावर हाच पत्ता आपल्या वळणदार अक्षरात लिहून दिला. वर चहा पाजून त्याला म्हणाले, "आमी लातूर जिल्ह्यात राहत न्हाई. आमच्यावर लादलाय त्यो जिल्हा." पोलीस सरळ माणूस होता. त्यानं अहवालात लिहिलं, 'अर्जदार या जिल्ह्यात राहत नसल्याचे त्याचे वडील सांगतात.' पासपोर्ट अडकला.

मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. "हणमंतराव, पोराच्या भविष्याचा प्रश्न आहे."

"जिल्ह्याचाबी भविष्याचाच प्रश्न हाय, सर," ते म्हणाले. "आज बँकॉकसाठी लातूर लिहिलं, उद्या लंडनसाठी काय लिहायचं?"

आठवडाभर मी त्या ओट्यावर झिजलो. शेवटी त्यांनी 'निषेध नोंदवून' असं कंसात लिहीत लातूर जिल्हा मान्य केला. अखंड मराठवाड्यात निषेध नोंदवून पासपोर्ट काढणारा बसवंत पहिलाच असावा.

तारखा ठरवताना मात्र आम्ही फार अक्कलहुशारीनं वागलो. शिकवायचे दिवस वाया जाऊ नयेत, अशी प्राचार्यांची सक्त ताकीद होती. म्हणून आम्ही शासनाची सुट्ट्यांची यादी पुढ्यात घेतली. चौदा एप्रिलला बाबासाहेबांची जयंती, पंधराला रामनवमी, सोळा शनिवार, सतरा रविवार. बाराला निघायचं, चौदाला कारखाना बघायचा, सतराला परत. दोनच दिवस खर्ची पडत होते. प्राचार्यांनी माझी पाठ थोपटली. कंपनीला पत्र गेलं, तिचं उत्तरही आलं, 'कोणत्याही कामाच्या दिवशी आपले स्वागत आहे.' चौदा तारखेला गुरुवार होता. गुरुवार हा कामाचा वार असतो, हे आम्हाला बालवाडीपासून माहीत होतं.

या तारखांना एकाच घरून हरकत आली. पंचशीला मुखेड तालुक्यातल्या खेड्यातली, माझ्या वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी. बोलायची कमी, दिसेल ते वहीत उतरवायची. तिचे वडील ज्ञानोबा मला भेटायला उदगीरला आले. "सर, औंदा सव्वाशेवी जयंती हाय. आख्खं गाव मिरवणुकीत, आन् माझी पोरगी गावात न्हाई?" सोबत आलेल्या तिच्या आईनं, सुमनबाईनं, ते ऐकून घेतलं. बाई अंगणवाडीत शिकवतात, त्यामुळं शेवटचा शब्द त्यांचाच असतो. त्या म्हणाल्या, "बुद्धाच्या देशात चालली ती. जयंती तिथं करंल." प्रश्न मिटला. जाताना ज्ञानोबा मला एवढंच म्हणाले, "तिला पुढं परभनीला, शेतीच्या विद्यापीठात शिकायचंय, सर. तेवढं बगा." बघणं भाग होतं. कारखाना-भेटीचा शिक्क्याचा दाखला नसेल तर शेवटच्या वर्षाचा निकाल राखून ठेवतात, आणि निकाल राखला की परभणी गेली.

आता मूळ पापाकडं येतो. परदेशी जायला मला वरून परवानगी लागत होती आणि ती फाईल नांदेडच्या कचेरीत सटवाजी नावाच्या कारकुनांकडं होती. त्यांनी ती पुढून मागून चाळली.

"सहपत्र कमी हाय. दौऱ्याचा अहवाल."

"अहो, अजून गेलोच नाही."

"गेल्यावर काय येगळं लिहिनार हाव?" सटवाजी अगदी मायेनं म्हणाले. "गेलो, पाह्यलं, लई शिकाय भेटलं. आत्ताच जोडा. फाईल एकदा वर गेली की मी मधी कागद घुसडत न्हाई."

मी त्याच बाकावर बसून चार पानी अहवाल लिहिला. 'दि. १४ एप्रिल रोजी सकाळी ठीक दहा वाजता कारखान्याचे व्यवस्थापक यांनी पुष्पगुच्छ देऊन हार्दिक स्वागत केले. यंत्रसामग्री अत्याधुनिक होती. विद्यार्थ्यांच्या शंकांचे समाधानकारक निरसन झाले.' खरं सांगतो, लिहिता लिहिता मला स्वतःलाच जाऊन आल्यासारखं वाटू लागलं. सटवाजींनी वाचून मान डोलावली आणि म्हणाले, "आता फकस्त कारखान्याचा शिक्का आना. अकरा पोरांच्या दाखल्यावर अकरा आन् तुमचा एक." म्हणजे बँकॉकला जाऊन मला एकच काम उरलं होतं. आधीच घडून गेलेली गोष्ट घडवून आणायची होती.

बारा तारखेला आम्ही निघालो. अकरा विद्यार्थी, मी आणि मुलींसोबत आमच्या ग्रंथपाल सिंधूताई. त्याच दिवशी लातूरला रेल्वेनं पाणी आलं. ती बातमी मोबाईलवर बघत बघत आमची एस.टी. हैदराबादला पोचली.

बँकॉकच्या हॉटेलात शिरून अर्धा तास झाला नसेल, मॅनेजरबाईंनी मला बोलावून घेतलं आणि बसवंतच्या खोलीत नेलं. आंघोळीचा टब काठोकाठ भरला होता. कचऱ्याची टोपली धुऊन भरली होती. चहाची किटली, बर्फाचं भांडं, सहा ग्लास, एक फुलदाणी, सगळं भरून वर टॉवेल झाकला होता.

"बसवंत, हे काय?"

"नळ आलाय, सर."

"अरे, इथं चोवीस तास येतो."

"असंच म्हन्तात, सर. आन् मग जातो."

बाकीच्या खोल्यांतही हेच. बाईंच्या देखत मी पोरांना झापलं, देशाची अब्रू काढली म्हणालो, आणि माझ्या खोलीत आलो. माझं बेसिन बूच लावून गळ्यापर्यंत भरलेलं होतं. ते मी कधी भरलं, मला आठवेना. मी दाराला आतून कडी घातली.

आमच्या गाईडचं नाव निड. तिला मोडकं हिंदी येत होतं. मी तिला कार्यक्रमाचा कागद दाखवला. तिनं चौदा तारखेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "फॅक्टरी बंद, सर. कल बंद, परसों बंद. सोंगक्रान."

सोंगक्रान म्हणजे त्यांचा नवा वर्षारंभ. तीन दिवस सगळा देश सुट्टीवर असतो, आणि त्या तीन दिवसांत लोक एकमेकांच्या अंगावर पाणी टाकतात. मी म्हणालो, "पाणी? कुणाचं पाणी?" तिला प्रश्न कळला नाही. आमच्याकडं हा प्रश्न पहिला असतो. शासनाच्या यादीत ही सुट्टी नव्हती, असं मी तिला दोनदा सांगितलं. तिनं मोठ्या सहानुभूतीनं मान हलवली.

माझा विश्वास बसेना. कारखान्याला एवढं पत्र गेलंय, कुणी तरी कारकून हजर असेल, म्हणून मी सगळ्यांना घेऊन तेरा तारखेलाच तिकडं निघालो. अंगात माझा एकुलता एक कोट, हातात दाखल्यांची प्लास्टिकची फाईल. रस्त्यावर पाय ठेवला आणि डाव्या बाजूनं बादली आली. उजवीकडून पिचकारी आली. एका म्हाताऱ्या आजीनं वाटीतलं फुलांचं पाणी माझ्या खांद्यावर इतक्या अलगद सोडलं, की मला रागावताही येईना. एवढ्या पाण्यात आमची सकाळची भांडी निघाली असती. बसवंत दोन्ही हात जोडून सगळ्यांना विनवत होता, "नका टाकू बाबांनो, वाया चाललंय!" तिकडं हात जोडणं हा नमस्कार. लोक त्याला उलटा नमस्कार करून दुप्पट पाणी टाकायचे. एका दुकानासमोर नळीचं पाणी पिंपातून उतू जाऊन गटारीत चाललं होतं. पंचशीलानं सरळ जाऊन नळ बंद केला. दुकानदारानं हसून सुरू केला. तिनं पुन्हा बंद केला. चौथ्या खेपेला त्यानं तिला खुर्ची आणून दिली.

कारखान्याच्या फाटकाला हे एवढं कुलूप होतं, आणि कुलपाला झेंडूचा हार. आत एक वॉचमन तेवढा होता. मी त्याला खुणेनं विचारलं, शिक्का आहे का, म्हणून मुठीनं तळहातावर ठोकून दाखवलं. त्याला काय कळलं देव जाणे. त्यानं पांढऱ्या लेपात दोन्ही हात बुडवले, माझ्या दोन्ही गालांवर थापले आणि डोक्यावर बादली ओतली. सिंधूताईंनी नेमका तेव्हा फोटो काढला. बाई सरळ स्वभावाच्या आहेत, मनात काही नव्हतं. त्यांनी तो 'सगळे सुखरूप' असं लिहून सगळ्यांच्या घरच्यांसाठी काढलेल्या ग्रुपवर टाकला.

तिथून फिरत फिरत दुसऱ्या दिवशीच्या पेपरात तो छापून आला. 'जिल्हा तहानलेला, प्राध्यापक बँकॉकमध्ये चिंब!' हणमंतरावांनी लगेच संपादकाला कळवलं, की कोणता जिल्हा ते स्पष्ट करावे. शिवकांतानं मात्र फोटो संध्याकाळीच पाहिला होता. तिचा फोन आला.

"अवो, किती पानी हाय ते तुमच्या अंगावर! आन् तोंडाला काय फासलंय?"

"लेप आहे. शुभ असतो."

"हितं टँकर आला न्हाई आज. सरजाबाई इचारून राहिल्या, फॅक्टरी कशाची हाय म्हनून."

"कारखाना बंद आहे," मी म्हणालो.

मग ती हळूच म्हणाली, "मग तुमी तर आधीच लिहून देलं की, पुष्पगुच्छ देला म्हनून." मी हो म्हणालो. तिनं पुढं काही विचारलं नाही. नवऱ्याला कुठं सोडून द्यायचं हे तिला बरोबर समजतं.

चौदा तारखेला सकाळी सिंधूताई धापा टाकत आल्या. पंचशीला खोलीत नव्हती. मला ज्ञानोबांचा चेहरा दिसायला लागला. शिक्का गेला, कारखाना गेला, आता पोरगीही. तसाच लुंगीवर पळालो. ती हॉटेलमागच्या गल्लीत एका हातगाडीपाशी सापडली. गाडीवर पिवळा झेंडा आणि त्यावर इंग्रजी सतरा आकड्यासारखं लाल अक्षर. हा झेंडा असेल तिथं शुद्ध शाकाहारी, असं निडनं आदल्या दिवशी सांगितलं होतं. प्लास्टिकच्या स्टुलावर बसून पंचशीला काचेच्या ग्लासातून काहीतरी गरम पांढरं पीत होती, आणि साठीची एक जाडजूड बाई कढईत मैद्याच्या जोडवड्या तळत होती.

"सर," ती म्हणाली, "हे सोयाबीनचं दूध हाय."

मी रागावायला तोंड उघडलं होतं. त्यात त्या बाईंनी ग्लास दिला. बावीस वर्षांनी मी ते प्यालो. चांगलं होतं. जरासं हरभऱ्याच्या घाट्यांसारखं लागलं.

झालं होतं असं. पंचशीला बाबासाहेबांच्या फोटोला फुलं शोधत खाली उतरली होती. या बाई, पा नोई त्यांचं नाव, 'पा' म्हणजे मावशी, त्यांनी तिच्या हातातला फोटो पाहिला. कुणीतरी घरातले वडीलधारे असणार, अशी त्यांची समजूत झाली. या सणात ते लोक बुद्धाच्या मूर्तीवर आणि घरातल्या थोरांच्या हातावर सुगंधी पाणी सोडतात. त्यांनी तिला घरात नेलं, आपल्या बुद्धापाशी फोटो ठेवायला लावला, आणि चांदीची वाटी तिच्या हातात दिली. "जयंती झाली, सर," पंचशीला म्हणाली. "आईला फोन केला. मिरवनुकीतनंच बोलली." मला फार बरं वाटलं. दौऱ्यावर निघाल्यापासून पहिल्यांदाच बरं वाटलं.

आणि त्या घराच्या मागच्या बाजूला कारखाना होता. लहानसाच. एक दळायची मोटर, दोन मोठ्या कढया, लाकडी साचे, तीन माणसं. सण असून चालू कसा, असं मी निडला बोलावून विचारायला लावलं. पा नोई म्हणाल्या, भिजलेलं सोयाबीन सुट्टी घेत नाही. मी मुलांना बोलावून घेतलं. बसवंत माशाच्या भीतीनं दोन दिवस नुसत्या चिवड्यावर होता. हे सोयाबीन आहे कळल्यावर तो सात ग्लास प्याला आणि म्हणाला, "सर, ह्याची आपून पेंड करून कोंबड्याला घालून राहिलो?" भिजवणं, दळणं, उकळणं, गाळणं, फाडणं, दाबणं, मी फळ्यावर लिहीत आलेला सगळा धडा तिथं वाफाळत होता. पंचशीला बादलीनं पाणी मोजत होती. किलोला किती लागतं, भिजवणाचं पाणी कुठं जातं, गाळणाचं कुठं जातं. पा नोई बोटं दाखवून सांगत होत्या आणि ती लिहून घेत होती.

शेवटी पिवळ्या पनीरच्या वड्या साच्यातून निघाल्या आणि पा नोईंनी एकेका वडीवर लाल रंगाचा ठसा मारायला सुरुवात केली.

शिक्का! लाल, चौकोनी, ठसठशीत. मी धावत जाऊन फाईल आणली. पा नोईंना गंमत वाटली. त्यांनी ठसा पुसून, पुन्हा रंगात बुडवून, बाराच्या बारा कागदांवर जपून मारला आणि प्रत्येकावर फुंकर घातली. त्या क्षणी मला त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं.

परतीच्या विमानात मी मुलांना समजावलं. कारखान्याचं नाव मोठ्या कंपनीचंच लिहायचं. माझा अहवाल आधीच वर गेलाय, त्याला धरून लिहा. शिक्का चिनी अक्षरात आहे, वाचणार कोण? दहा माना डोलल्या.

"सर, कंपनी बंद होती," पंचशीला म्हणाली.

"ते मला माहीत नाही का?"

"मग मी बंद होती आसंच लिहिते. मापं मी पा नोईच्या घरची घेतली. ती कंपनीच्या नावावर कशी लिहू?"

"निकाल अडकेल तुझा. परभणी जाईल."

तरी तिनं मान डोलावली नाही. मला तिचा राग आला. जास्त शहाणपणा शिकवू नकोस, असं मी तिला सगळ्यांदेखत बोललो. त्याची मला अजून लाज वाटते.

मे महिन्यात नांदेडहून पत्र आलं. पेपरातल्या फोटोवर तक्रार झाली होती, चौकशी लागली होती. सगळे अहवाल, सगळे दाखले घेऊन या, आणि सोबत एक विद्यार्थी आणा. प्राचार्यांनी पंचशीलाला पाठवलं, कारण पोरं म्हणाली, तिलाच सगळं माहीत आहे. पोरं असं का म्हणाली, ते मला तिथं गेल्यावर कळलं.

अधिकारी बाई नव्या होत्या. मी न वाचताच बांधून आणलेले अकरा अहवाल त्यांनी ओळीनं मांडले आणि बसवंतचा उचलला. "'आज माझ्या गावी सव्वाशेवी जयंती आहे, आणि माझी आई अंगणवाडीच्या मुलांना घेऊन मिरवणुकीत चालली असेल.' या मुलाची आई अंगणवाडीत असते?"

"नाही," मी म्हणालो. "त्या घरीच असतात."

अकराही अहवालांत सुमनबाई मिरवणुकीत होत्या. अकराही अहवालांची सुरुवात 'कंपनी बंद होती' अशी होती. विमानात माझ्यापुढं माना डोलावणाऱ्या दहाजणांनी, दरवर्षीच्या सवयीनं, पंचशीलाची वही जशीच्या तशी उतरवली होती. शिक्षकाचं उतरवावं असं कुणालाच वाटलं नव्हतं.

"हा शिक्का कशाचा?" बाईंनी विचारलं. मी छताकडं पाहिलं.

"पा नोईच्या चिनी सासऱ्याचं नाव हाय, मॅडम," पंचशीला म्हणाली. "कारखाना त्यांनी काढला. आता तीन मानसं काम करतात. भिजवनाचं पानी केळीला घालतात, गाळनाच्या पान्यानं फरशी धुतात. समदं लिहिलंय आत."

बाईंनी ते पान दोनदा वाचलं. "मग कारखान्याचाच शिक्का झाला की," त्या म्हणाल्या आणि अकराही दाखल्यांवर सही केली. मी सुटकेचा श्वास सोडला. तो पुरता सुटायच्या आत त्यांनी माझा अहवाल उघडला.

"सर, हे व्यवस्थापक कोण, ज्यांनी तुम्हाला पुष्पगुच्छ दिला?"

मी कोपऱ्यातल्या टेबलाकडं पाहिलं.

"आणि या अहवालावर आमच्याच आवक विभागाची तारीख अठ्ठावीस मार्च आहे. भेट चौदा एप्रिलची आहे."

कोपऱ्यातल्या टेबलावर सटवाजी पंख्याकडं बघत होते. बाईंचा आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं. "खुलासा लिहून द्या. इथंच बसून."

मी बाहेर बाकावर बसलो. 'उपरोक्त विषयान्वये सविनय कळविण्यात येते की' एवढं लिहिलं आणि फाडलं. 'अनवधानाने' असं लिहिलं, तेही फाडलं. पंचशीला शेजारी बसून होती. तिनं मला एका शब्दानंही टोचलं नाही. तिसरा कागद घेतला तेव्हा हळूच म्हणाली, "सर, 'कारखाना बंद होता' हितून सुरू करा. पुढचं आपोआप येतं."

मी तसं लिहिलं. खरंच आलं. कुलूप, हार, वॉचमन, लेप, पा नोई, आणि हा अहवाल मी न जाता लिहिला होता हेही. बावीस वर्षांच्या नोकरीत एखादा कागद मी असा भराभर लिहिला नव्हता. लिहून झाल्यावर लाज वाटली आणि हलकंही वाटलं, दोन्ही एकदमच. मी पंचशीलाला म्हणालो, "विमानात मी चुकीचं बोललो तुला." ती नुसती "ऱ्हाऊ द्या, सर" म्हणाली.

सटवाजींनी खुलासा शेवटपर्यंत वाचला. "लई चांगलं लिहिलंय, सर. एकबी शब्द खोटा वाटत न्हाई. पर कारखाना बंद होता, ह्याला दाखला लागंल."

"कुणाचा दाखला?"

"कारखान्याचा. शिक्क्यासकट."

पंचशीला हसायला लागली. तीन वर्षांत ती माझ्यासमोर पहिल्यांदा मोठ्यानं हसली. मलाही हसू आलं, आणि सटवाजी आम्हा दोघांकडं काळजीनं बघत राहिले. जूनमध्ये ती परभणीला गेली. माझा खुलासा अजून नांदेडलाच आहे.